प्राचीन भारताचे कालखंड सहावीच्या मुलांना कसे पाडून द्यावेत?

प्रश्न
मी सहावीला इतिहास शिकवते. फळ्यावर हडप्पा, वैदिक, मौर्य आणि गुप्त असे चार रकाने आखते व मुले ते पाठही करतात. मात्र मौर्य संपल्यापासून गुप्त येईपर्यंतची पाचशे वर्षे कोणत्या रकान्यात लिहायची, असे एका मुलीने विचारले, तेव्हा मला उत्तर सुचले नाही. कालखंड राजघराण्यांवरून पाडावेत की अन्य कशावरून?

प्रतिसाद १
ती पाचशे वर्षे केवळ मगधातून, म्हणजे मौर्य व गुप्तांच्या गंगेकाठच्या राज्यातून पाहिली, तरच रिकामी दिसतात. याच काळात दख्खनमध्ये सातवाहनांची सत्ता उभी राहिली, नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा लेख कोरला गेला, भाजे आणि कार्ले येथील चैत्यगृहे (बौद्ध प्रार्थनागृहे) खोदली गेली आणि सोपारा, कल्याण या बंदरांतून पश्चिमेकडे व्यापार चालला. माझ्या मते रकाने जगण्यातील बदलांवरून आखावेत: शेती, पहिली नगरे, लोखंडाचा वापर, इसवी सनापूर्वी ६व्या शतकाच्या सुमारास गंगेच्या खोऱ्यात पुन्हा उभी राहिलेली नगरे, नाणी आणि दूरचा व्यापार. राज्यकर्त्यांवरून नावे देण्याच्या सवयीने आपले नुकसानच केले आहे. ब्रिटिश इतिहासकार जेम्स मिलने १८१७ मध्ये भारताच्या इतिहासाचे हिंदू, मुस्लिम आणि ब्रिटिश असे तीन भाग पाडले, त्यात पहिल्या दोघांना धर्माचे नाव मिळाले आणि तिसऱ्याला मात्र देशाचे.

प्रतिसाद २
तत्त्वतः मान्य, पण अकरा वर्षांच्या मुलांना ‘नागरीकरण’ लक्षात राहत नाही, अशोक राहतो. घराण्यांची नावे खुणेपुरती ठेवावीत. खरी अडचण वेगळी आहे: एकच रकाना साऱ्या देशाला लागू पडत नाही. उत्तरेत वैदिक काळ म्हणतो, तेव्हा पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावात ताम्रपाषाणयुगीन (तांब्याची व दगडाची हत्यारे वापरणारे) शेतकरी राहत होते आणि मेलेली लहान मुले घराच्या जमिनीखाली मातीच्या कुंभांत पुरत होते. (हे ऐकल्यावर वर्ग एकदम शांत होतो, असा माझा अनुभव आहे.) म्हणून एकाखाली एक दोन रेषा काढा, वरची गंगेच्या खोऱ्याची व खालची दख्खनची, आणि दोन कालखंडांमधील सीमा तुटक ठेवा, कारण मौर्य गेले म्हणून दुसऱ्या दिवशी कोणाचा नांगर बदलला नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर
दोन रेषांची कल्पना पटली. वरच्या रेषेवरील मोकळ्या जागेखाली सातवाहन त्याच मुलीकडून लिहून घेईन.