मदत हवी आहे: अल्फा-सिन्यूक्लीनच्या लॅग टाइममधला फरक मॉडेलमध्ये कसा धरायचा?

आम्ही जीवरसायनवाले अल्फा-सिन्यूक्लीन (पार्किन्सनशी जोडलेलं प्रथिन) शुद्ध करून थायोफ्लेविन टीने (तंतूंना चिकटला की चमकणारा रंग) त्याचे तंतू बनताना मोजतो. भौतिकशास्त्रातले सहकारी त्या चमकेच्या वेळेनुसार आलेल्या वक्रांवर गतिकीचं मॉडेल बसवतात. अडचण अशी, की एकाच प्लेटमधल्या सारख्या नमुन्यांचा लॅग टाइमही (तंतू दिसू लागेपर्यंतचा वेळ) दुपटीहून जास्त वेगळा येतो. त्यांना केंद्रकनिर्मितीचा (तंतूंची पहिली सुरुवात होण्याचा) एकच दर हवा आहे आणि सरासरी देऊन मोकळं होणं मला पटत नाही.

पीएच ७.४, ३७ अंश सेल्सिअस, सतत हलवणं. दरवेळी जेल फिल्ट्रेशन (आकारानुसार रेणू वेगळे करणं) करून ताजा मोनोमर (प्रथिनाचे सुटे रेणू) घेतो, प्रथिन न चिकटणारी प्लेट वापरतो, प्लेटच्या कडेचे वेल (खळगे) सोडतो. तरी फरक उरतोच. हलवणं थांबवलं तर बीज (आधीच तयार तंतूंचे तुकडे) नसलेल्या नमुन्यांत दिवसेंदिवस काहीच घडत नाही, म्हणून तो पर्याय नाही. (हवा-पाण्याच्या सीमेवर केंद्रकं तयार होतात, हा माझा मुख्य संशय.)

आता तयार तंतूंचं बीज घालून, न हलवता, फक्त तंतुवाढीचा दर वेगळा काढायचा विचार आहे. त्यासाठी मोनोमरच्या किती टक्के बीज घ्यावं आणि सोनिकेशननंतर (ध्वनिलहरींनी तंतू तोडल्यावर) तंतूंची लांबी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपशिवाय कशी तपासावी? तो आम्हाला क्वचितच मिळतो. आणि केंद्रकनिर्मितीसाठी सरासरीऐवजी लॅग टाइमचं अख्खं वितरण मॉडेलला दिलेलं कुणी पाहिलंय का?