‘नेव्हर लेट मी गो’: रूथला आपली ‘मूळ’ बाई का शोधायची असते?

वाचनवेडी:
काझुओ इशिगुरोंची ही कादंबरी (२००५) आताच संपवली. इंग्लंडमधल्या हेलशॅम या निवासी शाळेतली मुलं क्लोन आहेत, मोठेपणी अवयव काढून घेण्यासाठीच वाढवलेली. ज्यांनी वाचली आहे त्यांनाच विचारते. त्यांतल्या रूथची ‘मूळ’ (म्हणजे जिच्यावरून तिचा क्लोन काढला ती) वाटावी अशी बाई नॉरफोकमधल्या एका ऑफिसात दिसली, असं ओळखीचा रॉडनी सांगतो आणि रूथ, तिचे शाळेतले सोबती केथी आणि टॉमी असे पाचजण गाडीने तिथे जातात. जवळून पाहिल्यावर ती बाई तशी वाटतच नाही. मग रूथ जे बोलते ते वाचवत नाही. आपण नशेबाज, वेश्या, दारुडे असल्यांवरून काढलेले आहोत म्हणे! केथीसुद्धा घाणेरड्या मासिकांतल्या बायकांचे चेहरे निरखत बसते. कधी न भेटलेल्या बाईवरून या मुली स्वतःची किंमत का ठरवतात?

बीजपेशी:
मूळ बाई सापडली असती तरी फारसं कळलं नसतं. टेक्सासमध्ये २००१ साली सीसी नावाचं पहिलं क्लोन मांजर जन्मलं. जिची पेशी घेतली ती रेनबो तिरंगी होती, पण सीसीच्या अंगावर नारिंगी रंग उतरलाच नाही. मादीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक बंद पडतं आणि मांजरांत नारिंगी रंगाचं जनुक एक्सवरच असतं; रेनबोच्या घेतलेल्या पेशीत नेमकं तेच एक्स बंद होतं. साध्या अंगावरच्या केसांच्या रंगाची ही गत, तर स्वभावाचं काय सांगायचं?

जुळा_धाकटा:
मी एकसारख्या जुळ्यांतला. दादा आणि मी एकाच फलित बीजापासून झालो, म्हणजे निसर्गानेच केलेले क्लोन. (बोटांचे ठसे मात्र वेगळे.) शाळेत बाईंनी एकाला हाक मारली की दोघंही उभे राहायचो. आज दादा तासगावला द्राक्षबाग बघतो, उन्हाने रापलाय, चारचौघांत मोकळा बोलतो. मला फोन उचलायचाही कंटाळा. त्याच्याकडे बघून मी कोण आहे ते मला कधीच उमगलं नाही.

पण मला रूथ कळते. गावात अनोळखी पोर दिसलं की म्हातारी माणसं आधी विचारतात, “कुणाचा रं तू?” मी वडिलांचं नाव सांगतो, आजोळ सांगतो. या मुलांना आई नाही, घर नाही, आडनाव म्हणून केथीला नुसतं ‘एच’. रूथ त्या बाईत आपली जनुकं शोधत नाहीये, तिला कुणाचं तरी असायचंय. नॉरफोकला तीही आशा गेली, म्हणून ती इतकं लागट बोलते.

वाचनवेडी:
जुळा_धाकटा, हे वाचून डोळे भरून आले. आणि मग टॉमी आठवला. तो वहीत बारीक, यंत्रासारखे प्राणी काढतो. ते कुणावरूनही काढलेले नाहीत, सगळे त्याचे स्वतःचे. तिथे मी भराभर पानं उलटली होती. तो भाग आज परत वाचते.