वैलावरची डाळ : मंद आचेचे तुमचे अनुभव लिहा

माझ्या माहेरी, निफाडजवळच्या गावात, चुलीला वैल होता. ज्यांनी चूल वापरली नाही त्यांच्यासाठी सांगते. चुलीच्या मुख्य तोंडाला लागून आणखी एक लहान तोंड असायचं आणि चुलीतली धग आतल्या आत त्याच्याकडे जायची. त्याच्याखाली वेगळं लाकूड घालायचं नाही. पुढे भाकऱ्या होईपर्यंत वैलावर तुरीची डाळ शिजायची, ती उतरली की दूध, आणि अगदी शेवटी पाण्याचं पातेलं. डाळ झाली का, असं विचारलं की आई म्हणायची, "तिला हाका मारू नकोस, ती आपली आपण होते."

लग्नानंतर गॅस आला आणि मी सगळंच मोठ्या आचेवर करायला लागले. लवकर होतं असं वाटायचं.

मागच्या महिन्यात मुलाच्या शाळेच्या प्रयोगासाठी घरात काचेचा थर्मामीटर आला. पातेल्यात पाणी ठेवलं, आच पूर्ण मोठी, पाणी गडगडत होतं. पारा ९८ वर. मग गॅस इतका बारीक केला की जेमतेम उकळी टिकावी. पारा ९८ वरच. (नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास उंचावर आहे, म्हणून इथे पूर्ण शंभर होत नाही.) मुलाने वहीत दोन आकडे एकाखाली एक लिहिले आणि मी ती वही बघत बसले. उकळी आल्यावर आच वाढवून माझ्या डाळीला एक अंशही जास्त मिळत नव्हता. जास्तीचा सगळा गॅस वाफ करण्यात जात होता आणि स्वयंपाकघरातल्या खिडकीची काच ओली होत होती.

तेव्हापासून उकळी आली की बारीक, कुकरची पहिली शिट्टी झाली की बारीक. त्यावरून बरंच आठवायला लागलं, म्हणून तुम्हाला विचारते आहे. तुमच्या घरी मंद आचेवर, उरलेल्या धगीवर किंवा विस्तव बंद केल्यावर काय शिजतं? भांडं कोणतं, वेळ किती, तेही लिहा. फसलेलंही लिहा.

कोल्हापूरहून

ताई, आमच्याकडे झाकणावर पाणी ठेवल्याशिवाय भाजी होत नाही. नव्या सुनांना हे कुणी सांगत नाही म्हणून सविस्तर लिहिते.

जाड बुडाची कढई. फोडणीत भाजी परतली की खोलगट ताटली झाकायची आणि तिच्यात वाटीभर पाणी ओतायचं. गॅस बारीक. पाण्यामुळे ताटली गार राहते, भाजीतून निघालेली वाफ तिला खालून लागते आणि थेंब होऊन परत भाजीत पडते. म्हणून वरून पाणी न घालताही भाजी करपत नाही. पडवळ, दोडका, कोबी यांना एवढं पुरतं, पालेभाजीला तर निम्मा वेळ. गवार आणि वांग्याला थोडं पाणी लागतं, तेव्हा ताटलीतलं कढत पाणीच आत सोडायचं. गार पाणी घातलं की शिजणारी भाजी थबकते आणि मग कितीही वेळ ठेवा, दडदडीत राहते.

किती वेळ, असं विचाराल तर मी घड्याळ बघत नाही. ताटलीतल्या पाण्याला कडेने बारीक बुडबुडे धरायला लागले की खालची भाजी निम्मी झालेली असते. पाण्यावर वाफ दिसली की एकदा उघडून हलवते. भाजी उतरल्यावर तेच गरम पाणी कणीक भिजवायला. माझ्या सासूबाई त्याच पाण्यात भाकरीचं पीठ मळायच्या, भाकरीला चिरा पडत नाहीत.

सोलापूरहून, ३० वर्षं शेगड्या दुरुस्त करतो

सगळे "गॅस बारीक करा" लिहिताय म्हणून दोन गोष्टी सांगणं माझं कर्तव्य आहे.

एक, बटण बंदच्या बाजूला परत आणून ज्योत बारीक करू नका. आपल्या बहुतेक शेगड्यांत बटण फिरवलं की आधी मोठी आच येते आणि तसंच पुढे नेलं की बारीक. त्या टोकाला बारीक ज्योत स्थिर राहते. बंदच्या जवळ अर्धवट धरलेली ज्योत धक्क्याने विझते.

दोन, बारीक ज्योत वाऱ्याने विझली तर गॅस सुरूच राहतो आणि कळत नाही. पंख्याखाली, उघड्या खिडकीशी मंद आचेवर दूध ठेवून बाहेरच्या खोलीत जाऊ नका. वास आला तर दिव्याचं, पंख्याचं कुठलंच बटण दाबू नका. रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा.

ज्योत निळी हवी. पिवळी पडून भांड्याचं बूड काळं करत असेल तर बर्नर चोंदलाय. साबणाच्या पाण्यात भिजवून ब्रशने घासा आणि पूर्ण वाळवून बसवा. आतला जेट मात्र घरी टोचू नका, भोक मोठं झालं की कायमचा गॅस वाया. आणि ज्योत भांड्याच्या बाहेर आली की ती आच तुम्ही हवेला देताय. लहान पातेलं लहान बर्नरवर. १४.२ किलोची टाकी तेवढीच असते.

पुण्याहून

माझे आजोबा नोकरीसाठी गिरगावात खोली घेऊन एकटे राहायचे. त्यांच्याकडे इक्मिक कुकर होता, तो मी लहानपणी पाहिला आहे. उंच डबा, आत एकावर एक बसणारे डबे, सगळ्यात खाली कोळशाची छोटी शेगडी. हा कुकर कलकत्त्याचे डॉक्टर इंदुमाधव मलिक यांनी १९१० साली तयार केला. आजोबा पहाटे डाळ, तांदूळ आणि बटाटे लावायचे, मूठभर कोळसे पेटवायचे आणि दाढी, अंघोळ, पूजा करायचे. मध्ये एकदाही उघडायचे नाहीत. त्यांना स्वयंपाकातलं दुसरं काही येत नव्हतं, पण त्या डब्यातला भात मोकळा आणि बटाटा सोललेला असला तरी अख्खा निघायचा, असं ते फार प्रेमाने सांगायचे.

आजोबांची आठवण म्हणूनच मी पुढे आरती संस्थेचा सराई कुकर घेतला. खेड्यांना उपयोगी पडेल असं तंत्रज्ञान तयार करणारी, डॉ. आनंद कर्वे यांची ही संस्था. शेतात जाळून टाकलं जाणारं उसाचं पाचट बंद भट्टीत तापवून त्याचा कोळसा करायचा आणि त्याच्या कांड्या पाडायच्या, या कामासाठी संस्थेला २००२ साली स्वच्छ ऊर्जेच्या कामासाठी दिला जाणारा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला होता. सराईत तळाला थोडं पाणी, वर डबे, बाहेरून झाकण आणि खाली जाळीत कांड्या. पाच माणसांचं वरण, भात, भाजी सुमारे १०० ग्रॅम कोळशात होते. शंभर ग्रॅम म्हणजे माझ्या ओंजळीत मावतील एवढ्या कांड्या. पहिल्यांदा लावला तेव्हा विश्वास बसला नाही आणि मी तीनदा झाकण उघडून पाहिलं. त्या दिवशी डाळ कच्ची राहिली. चौथ्या वेळेपासून हात लावला नाही, तेव्हापासून बिघडलेली नाही. कोळसा पेटवायचा तो गॅलरीतच, बंद खोलीत कधीही नाही.

यवतमाळहून

आमच्याकडे शेतातल्या पूजेला रोडगे असतात, त्यात सगळा खेळ आराचा, म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांचा. गव्हाचं जाडसर पीठ, तेलाचं मोहन, आत पापुद्रे राहतील असे गोळे. गोवऱ्या पेटवायच्या, जाळ पूर्ण बसू द्यायचा, वर पांढरी राख धरली पाहिजे. मग रोडगे त्यावर मांडायचे, फिरवत फिरवत सगळीकडून रंग आणायचा आणि शेवटी आर वर ओढून दडपून टाकायचे.

एका वर्षी आम्ही पोरांनी घाई केली. जाळ असतानाच मांडले. दहा मिनिटांत काळेभोर झाले, फोडले तर आत कच्चं पीठ, आणि पन्नास माणसं जेवायला बसायची होती. मोठ्या काकांनी काही बोलणं लावलं नाही. ते वरचं काळं खरवडून पुन्हा राखेत पुरत होते आणि आम्हाला म्हणाले, "बसा इथं, उठू नका." तासभर आम्ही तिथं बसून होतो. काढले, फडक्याने राख झटकली, दाबून फोडले, तूप ओतलं. वांग्याच्या भाजीसोबत सगळे खपले. आता मी पोरांना तसाच बसवतो.

म्युनिकहून

इथे काचेची विजेची शेगडी आहे. सुरुवातीला दोन वेळा दूध उतू गेलं, कारण बटण बंद केलं तरी काच तापलेलीच राहते. दूध वर आलं की पातेलंच बाजूला उचलावं लागतं. मग लक्षात आलं की ही तर वैलाची धग. आता भाताला उकळी आली की ९ वरून १ वर आणते, झाकण लावते, दहा मिनिटांनी बंद. पुढची दहा मिनिटं काच स्वतःच भात करते. अंडी तर उकळी आल्यावर लगेच बंद, झाकण ठेवून बारा मिनिटं. पोळ्यांना मात्र ही शेगडी नको वाटते. तवा हवा तेव्हा तापत नाही, हवा तेव्हा निवत नाही.

ठाण्याहून

एक सावधगिरी लिहिते, कारण आमच्या घरात घडलेलं आहे.

मुलीने हळूहळू शिजवणारं विजेचं भांडं आणलं. रात्री भिजवलेला राजमा सकाळी तसाच त्यात घातला, मंदवर ठेवला आणि ऑफिसला गेली. संध्याकाळी दाणा मऊ दिसत होता, थोडासा टणक. आम्ही तिघांनी खाल्ला आणि रात्री दोन-अडीच तासांत तिघांनाही उलट्या. डॉक्टरांनी राजमा कसा शिजवला तेवढंच विचारलं. कच्च्या राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचा विषारी घटक असतो. तो खळखळत्या उकळीत जातो, पण मंद भांड्यात पाणी तेवढं तापतच नाही. म्हणून राजमा किमान पाच तास भिजवायचा, ते पाणी टाकून द्यायचं, ताज्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळायचा, मग हवा तेवढा वेळ मंद ठेवायचा. कुकरमध्ये शिजवला तर हा प्रश्न येत नाही.

मंद आच मला अजूनही आवडते. पण कुठे चालत नाही हे ठाऊक हवं.

मालवणहून

पेज. उकडे तांदूळ, भरपूर पाणी, एक उकळी, मग निखाऱ्यावर. आजी चिंच, आमसूल, टोमॅटो असलं आंबट कधी कडधान्य शिजण्याआधी घालू द्यायची नाही. आंबटाने दाणा आकसतो आणि मग लाकडांचा भारा जाळला तरी मऊ होत नाही. काळ्या वाटाण्याचं सांबारं करताना मी अजून हे पाळते.

पुन्हा नाशिकहून

ठाण्याच्या ताई, बरं झालं लिहिलंत. त्याला जोडून एक. मी हल्ली मूगडाळीची खिचडी दहा मिनिटं उकळून पातेलं झाकणासकट जुन्या गोधडीत गुंडाळते आणि लाकडी पेटीत ठेवते. पाऊण तासाने मऊ झालेली असते. पण पातेलं गच्च भरलेलं लागतं, वाटीभर खिचडी लगेच निवते. आणि लगेच जेवायचं. कोमट होऊन तासन् तास पडलेल्या भातात जंतू वाढतात. पेटीतून काढताना वाफ दिसली नाही तर मी पुन्हा उकळी आणते.

साताऱ्याहून

तुपाचं कुणी लिहिलं नाही. लोणी कढवताना सुरुवातीला कडकड आवाज येतो, तो पाण्याचा. पाणी आहे तोवर तूप जळत नाही. आवाज थांबला की त्या क्षणापासून गरमी झपाट्याने चढते आणि बेरी काळी होते. कान देऊन उभं राहायचं. बेरी बदामी दिसली की बंद.

नगरहून

साताऱ्याच्या दादांचं वाचून लिहावंसं वाटलं. कोविडमध्ये आईचा वास गेला आणि अजून पूर्ण आलेला नाही. बेसनाचे लाडू ती आयुष्यभर वासावर करत आली. त्या वर्षी दिवाळीला तिने कढईजवळ यायला नकार दिला. म्हणाली, मला कळणार नाही, टाळूला चिकटणारे लाडू कोण खाईल?

मी म्हटलं, मी भाजतो, तू शेजारी बस. अर्धा किलो जाडसर बेसन, पाव किलोला थोडं कमी तूप, पितळी कढई, गॅस अगदी बारीक. पंधरा मिनिटं झाली तरी गोळाच. हात भरून आला. मी गॅस वाढवायला गेलो, तर तिने बटणावरचा हात बाजूला केला. पंचविसाव्या मिनिटाला तिने उलथणं मागितलं, दोनदा फिरवलं, परत दिलं.

"झालं का?"

"नाही. अजून जड लागतंय."

चाळीस मिनिटांनी तिने पुन्हा मागितलं. बेसनाने तूप सोडलं होतं, उलथणं आपोआप घसरत होतं. तिने डोळे मिटून चार फेरे घेतले आणि स्वतःच गॅस बंद केला. रंग मला अजून फिका वाटत होता, पण पितळ तापलेलं होतं. ढवळत राहिलो तसतसा तो आमच्या डोळ्यांदेखत गडद होत गेला. मग तिने दुधाचा हबका मारला. चर्र झालं, फेस वर आला आणि बसला, बेसन रवाळ झालं.

आता दरवर्षी मी भाजतो आणि ती उलथणं हातात घेऊन सांगते.