पार्टीत क्लेरिक नाही म्हणून नवख्या खेळाडूला क्लेरिक करायचं का?

धागाकर्ता
डंजन्स अँड ड्रॅगन्स (फाशांवरचा भूमिकाखेळ, प्रत्येक जण एक कॅरेक्टर चालवतो), पाचवी आवृत्ती, २०१४ चे नियम. पहिल्या लेव्हलपासून चौघांच्या पार्टीचं (गटाचं) नवीन कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन चालणारी गोष्ट, सुरू करतोय. मी विझार्ड (जादूगार) घेतलाय, बाकी दोघांनी रोग (rogue, चोरटा) आणि बार्बेरियन (रानटी लढवय्या). चौथी मैत्रीण पहिल्यांदाच खेळणार आहे आणि तिला रेंजर व्हायचंय. धनुष्य घेऊन जंगलात माग काढत फिरणारी, एकटीनं वाढलेली बाई असं तिचं कॅरेक्टर आठवडाभर तिच्या डोक्यात आहे. आणि ते दोघं तिला म्हणतात, "हील करणारं कुणी नाही, तू क्लेरिक घे." क्लेरिक म्हणजे देवाच्या शक्तीनं जखमा भरणारा पुजारी.

मला हे साफ चुकीचं वाटतं. माझ्या पहिल्या कॅम्पेनमध्ये माझ्याही गळ्यात असाच क्लेरिक मारला होता. माझा देव कोणता, हेसुद्धा मी शेजारच्याला विचारून लिहिलं. माझी पाळी आली की सगळे फक्त "मला हील कर" म्हणायचे. आठ सेशननंतर मी जाणंच सोडलं.

ढालवाला
तुमचा अनुभव वाईट होता, मान्य. पण आकडे बघा. पहिल्या लेव्हलच्या विझार्डकडे ६ हिट पॉइंट (किती मार सोसेल तो आकडा), वर कॉन्स्टिट्यूशनची (काटकपणाची) भर. गॉब्लिनचा एक बाण १डी६+२ (सहा बाजूंचा एक फासा अधिक २), म्हणजे ८ पर्यंत. एका बाणात तुम्ही आडवे. मग डेथ सेव्ह (जीव वाचतो का ते ठरवणारा फासा), आणि तीनदा १० च्या खाली पडलं की कॅरेक्टर गेलं. हीलिंग वर्ड हा क्लेरिकचा मंत्र (स्पेल) ६० फुटांवरून, बोनस ॲक्शनमध्ये (पाळीतल्या मुख्य ॲक्शनशिवायच्या जादा कृतीत) उठवतो. आमच्या पार्टीत तो नव्हता, दुसऱ्याच सेशनला दोघं मेले.

१९७४ च्या मूळ खेळात तीनच क्लास (कॅरेक्टरचे प्रकार) होते आणि त्यातला एक क्लेरिक होता. ते उगाच नाही. क्लास पार्टीकडे बघूनच निवडायचा असतो.

धागाकर्ता
१९७४ च्या त्याच नियमांत पहिल्या लेव्हलच्या क्लेरिकला एकही स्पेल नव्हतं! तरी लोक खेळलेच ना. आणि आता तर हीलर्स किट आहे: ५ सोन्याची नाणी, दहा वापर, पडलेल्याला चेकचा फासा न टाकता स्थिर करतं, म्हणजे मरण टळतं. शॉर्ट रेस्टमध्ये (छोट्या विश्रांतीत) हिट डाइस टाकून हिट पॉइंट परत मिळवता येतात. शिवाय रेंजरला दुसऱ्या लेव्हलला क्युअर वून्ड्स हे हील करणारं स्पेल घेता येतं.

ढालवाला
घेता येतं, पण तेव्हा रेंजरला दोनच स्पेल येतात आणि स्लॉटही (स्पेल टाकायच्या संधी) दोनच. त्यातलं एक स्पेल हंटर्स मार्क (हेरलेल्या शत्रूला जादा इजा करणारं) असणार, सगळे तेच घेतात. दोन्ही स्लॉट तिकडे गेले की क्युअर वून्ड्स नुसतं कागदावर. आणि किटनं माणूस स्थिर होतो, उठत नाही. लढाईत एक जण कमीच.

जुनी डीएम (खेळ चालवणारी)
तिला नेचर डोमेनचा (निसर्गाशी जोडलेला) क्लेरिक दाखवलात का? शॉर्टबो साधं शस्त्र आहे, क्लेरिकला चालतं. सर्व्हायव्हल (रानात माग काढण्याचं कौशल्य) घेता येतं, प्राण्यांशी बोलण्याचं स्पेल डोमेनमधूनच मिळतं. तिच्या मनातली बाई त्यात बसू शकेल. पण दाखवा, लादू नका.

आणि एक गोष्ट मला खटकली. त्याग नेहमी नवख्यानंच का करायचा? मुख्य नियमपुस्तकात बारा क्लास आहेत. तुम्ही विझार्ड सोडून बार्ड (गाण्यातून जादू करणारा) घ्या की. त्याला हीलिंग वर्डही आहे.

धागाकर्ता
हे लागलं मला, आणि बरोबर आहे. तिच्यासाठी भांडत होतो, पण स्वतः विझार्ड सोडायचा हे मनातही आलं नाही.

काल तिला नेचर क्लेरिक दाखवला. तिनं नीट वाचला आणि म्हणाली, "हिचा कुणावरच विश्वास नाही, देवावर कसा असेल?" म्हणजे ती रेंजरच. मी बार्डचं शीट भरायला घेतलंय. रोगवाला किट घेतोय, तो तिसऱ्या लेव्हलला थीफ (रोगचा उपप्रकार) होणार, मग फास्ट हँड्स या क्षमतेमुळे किट बोनस ॲक्शनमध्ये वापरता येईल.

ढालवाला
तिसऱ्या लेव्हलपर्यंत किटला पूर्ण ॲक्शन जाईल, हे त्याला आधी सांगून ठेवा. बाकी माझं मत तेच आहे: पार्टीची गरज कुणीतरी भागवायलाच हवी होती, आणि शेवटी ती तुम्हीच भागवताय. बार्डला पहिल्या लेव्हलला स्लॉट दोनच आहेत. एक हीलिंग वर्डसाठी राखून ठेवा.