गुरुत्वाकर्षण नसेल तर मॉडेल ग्लायडर कसा उडेल?

परळ_पालक:
शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी प्रश्न. बाल्साचा हातफेकी ग्लायडर आहे: १२ ग्रॅम, पंख ४० × ५ सेंमी. अवकाश स्थानकात, म्हणजे हवा आहे पण वजन जाणवत नाही अशा ठिकाणी फेकला, तर सरळ जाईल का? आणि हे मुंबईत दाखवायचं कसं?

बाल्सा_मुलुंड:
सरळ नाही, पाठीच्या बाजूला वळत लूप घेईल. इथे लिफ्ट (हवेचा पंखाला उचलणारा जोर) वजन पेलण्यात खर्ची पडते. वजन नसलं की तीच लिफ्ट मार्ग वाकवते. त्रिज्या = २ × वस्तुमान ÷ (हवेची घनता × पंखाचं क्षेत्रफळ × लिफ्ट गुणांक, म्हणजे पंख किती लिफ्ट देतो ते सांगणारा आकडा). घनता १.२ किलो प्रति घनमीटर आणि गुणांक ०.५ धरा, मापं किलो-मीटरमध्ये: ०.०२४ ÷ ०.०१२ = २ मीटर. सूत्रात वेग नाहीच! हळू फेका की जोरात, वर्तुळ तेवढंच. या विषयातलं मला सर्वांत आवडणारं हेच. वेग मात्र झपाट्याने घटतो, कारण उंची गमावून ड्रॅग (हवेचा अडथळा) भरून काढायची सोय तिथे नाही. लिफ्ट-ड्रॅग गुणोत्तर ६ असेल तर एका लूपनंतर जेमतेम ३५ टक्के वेग उरतो.

सीजी_ठाणे:
प्रत्यक्षात वर्तुळ बरंच मोठं होईल. शेपटी २० सेंमी मागे असेल, तर २ मीटरच्या वळणात तिला हवा जवळजवळ ६ अंश जास्त कोनात भेटते. ती नाक खाली दाबते आणि पंखाची लिफ्ट घटते.

परळ_पालक:
आणि सरळच न्यायचा असेल तर?

सीजी_ठाणे:
लिफ्ट शून्य करा. पंख सपाट फळीचा हवा, बाक नको. पंखाला कोन देण्यासाठी पुढच्या कडेखाली घातलेली पट्टी काढा (१.३ मिमी म्हणजे दीड अंश), पंख आणि शेपटी समांतर. सीजी (गुरुत्वमध्य, म्हणजे तोलाचा बिंदू) पुढच्या कडेपासून १५ मिमीवरच ठेवा, वजन नसलं तरी स्थैर्याला तो लागतोच. डायहेड्रल (पंखांची टोकं वर उचललेली असणं) मात्र तिथे तोल सावरणार नाही: कलल्यावर बाजूला घसरवणारं वजनच नाही. पंखात पीळ राहिला तर मॉडेल गोल गोल फिरत जाईल.

बाल्सा_मुलुंड:
दाखवायला बंद सभागृह घ्या. शिवाजी पार्कात दुपारनंतरचा समुद्रवारा सगळं बिघडवतो. पंख रबरबँडने बांधा, म्हणजे पट्टी घालता-काढता येईल. नेहमीच्या दुप्पट वेगाने आडवा फेका. पट्टी असताना लिफ्ट वजनाच्या चौपट होऊन नाक झटकन वर जातं; पट्टीविना मॉडेल दगडासारखं परवलयात जातं. या दुसऱ्या फेकीचा व्हिडिओ काढा, कॅमेरा स्टँडवर आणि मार्गाला काटकोनात. सेकंदाला ३० फ्रेमच्या व्हिडिओत दर तिसरी फ्रेम म्हणजे ०.१ सेकंद. हातातून सुटल्यापासूनची स्थानं आलेखावर घ्या आणि पुढचे बिंदू क्रमाने ५, २०, ४४, ७८ सेंमी वर सरकवा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाने झालेली घसरण वजा होते. बिंदू जवळजवळ सरळ रेषेत येतात आणि त्यांच्यातलं अंतर हळूहळू कमी होत जातं. तो ड्रॅग.