४५ दिवसांत बिल चुकवायचा नियम: खान्देशातल्या उधारीला परवडतो का?

चटईवाला, जळगाव
राम राम मंडळी. एमआयडीसीत माझा चटईचा लहान कारखाना आहे. २०२३च्या अर्थसंकल्पातून आयकराच्या ४३बी कलमात (एच) हे पोटकलम जोडलं गेलं, ते तुम्हाला माहीत असेलच. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असेल तर फार तर ४५ दिवसांत द्यायचं. करारात ९० लिहिले तरी ४५च धरतात. मुदत टळून ३१ मार्चला बाकी उरली, तर घेणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही.

माझ्या मते उधारीवर इतका बरा उपाय आजवर झाला नव्हता. उशिराला बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ, हे लहान उद्योगांसाठीच्या २००६च्या कायद्यात होतंच. पण तक्रार करून गिऱ्हाईक कोण तोडणार? आता मला तोंड वाईट करावं लागत नाही, आयकरवाले परस्पर विचारतात. आधी 'दिवाळीनंतर बघू' म्हणायचे, दिवाळी झाली की 'लग्नसराई होऊ द्या'. यंदा मार्चमध्ये समोरून फोन आले, "शेठ, खातं मिळवून घ्या." आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आपण सालदाराचा हिशेब चुकता करतो, मग कारखानदारानेच काय पाप केलं?

धुळ्याचा होलसेलवाला
फोन आले ते सांगितलंस, ऑर्डरी किती गेल्या तेही सांग. माझा माल साक्री, शहादा, शिरपूरच्या दुकानांत जातो. तिथे पैसा येतो कापूस विकला की, नाहीतर कांदा विकला की. मी तुला ४५ दिवसांत द्यायचे कुठून? १० लाखांचं बिल मार्चला अडकलं, तर माझ्या फर्मला ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३ लाख १२ हजार. त्या मालात मला ४० हजार सुटत नाहीत! कायदा दिल्लीमा व्हयना, उधारी साक्रीमा शे भाऊ. मी निम्मी खरेदी मोठ्या कारखान्याकडे वळवली.

हिशेबनीस, अमळनेर
दोघांनीही अर्धंच सांगितलं. होलसेलवाले भाऊ, ते ३ लाख १२ हजार बुडत नाहीत. ज्या वर्षी बिल चुकवाल, त्या वर्षी तो खर्च मिळतो. दरवर्षी तेवढीच बाकी राहत असेल तर यंदा उत्पन्नात धरलेली वाढ गेल्या वर्षीच्या बिलाच्या वजावटीत फिटते, म्हणजे दणका पहिल्याच वर्षी. मात्र जीएसटी किंवा पीएफसारखं 'विवरण भरायच्या आत देऊन टाकू' इथे चालत नाही, हे बऱ्याच जणांना कळलं तेव्हा उशीर झाला होता.

तुमचे साक्रीचे दुकानदार ४४एडीखाली, म्हणजे लहान धंद्याच्या अंदाजे नफ्याच्या कलमाखाली, उलाढालीच्या ६ किंवा ८ टक्के नफा दाखवत असतील, तर त्यांना हे कलम लागतच नाही.

आणि तो 'मोठा' कारखाना जरा तपासा. १ एप्रिल २०२५पासून लघु उद्योगाची उलाढालीची मर्यादा ५० कोटींवरून १०० कोटी झाली आहे. गुंतवणूकही २५ कोटींच्या आत असेल तर तोही लघुच. पळून जाल कुठे?

धुळ्याचा होलसेलवाला
पहिल्याच वर्षी, मान्य. पण त्या पहिल्या वर्षाचा कर मी बँकेच्या सीसी (कॅश क्रेडिट) कर्जखात्यातून भरला. त्याचं व्याज दर महिन्याला लागतंय, ते कोणाच्या वजावटीत फिटणार?

संस्थेचा खजिनदार, शहादा
आमची नोंदणीकृत धर्मादाय संस्था, वसतिगृह चालवतो. ४३बी आम्हाला लागत नाही, पण त्याचा भाऊ लागतो. उत्पन्नाचा ८५ टक्के भाग संस्थेच्या कामावर लावायचा, आणि २०२२च्या दुरुस्तीपासून प्रत्यक्ष दिलेलेच पैसे त्यात धरतात, देणं नुसतं लिहून चालत नाही. अनुदान येतं मार्च संपता संपता. मग रात्री दहा वाजता किराणावाल्याला आरटीजीएस करत बसतो.

मला राग वेगळाच आहे. सगळ्यात जास्त कोण थकवतं? सरकारी खाती. त्यांना आयकर भरायचा नाही, मग खर्च नामंजूर व्हायची भीती कसली? हा चाबूक व्यापाऱ्यालाच बसतो.

चटईवाला, जळगाव
खजिनदारकाका, हे मात्र शंभर टक्के पटलं.

केळीवाला, रावेर
तुमचं ४५ दिवसांवर भांडण चाललंय. आमची केळी ट्रकात चढली की भाव त्यांचा, वायदा त्यांचा. शेतकरी या कायद्यात बसतच नाही भो. वाचून करमणूक झाली.

धुळ्याचा होलसेलवाला
चटईवाले, एक विचारू? तुम्ही प्लास्टिकचा दाणा घेता, त्याचे पैसे किती दिवसांत देता?

चटईवाला, जळगाव
तो दाण्याचा व्यापारी आहे, स्वतः बनवत नाही. व्यापाऱ्याने उद्यम, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी केली तरी तिचा फायदा बँकेच्या कर्जापुरता, ४५ दिवसांचं संरक्षण त्याला नाही.

धुळ्याचा होलसेलवाला
दिवस विचारले.

चटईवाला, जळगाव
नव्वद. कधी शंभर.