आयएसडीएन आधी येऊनही घराघरात एडीएसएलच का पोचलं?

तारवाला: आयएसडीएन (फोनच्या तारेवरची जुनी डिजिटल सेवा) आधी आलं, तरी एडीएसएलच्या (त्याच तारेवरचं ब्रॉडबँड) मागे का पडलं? आणि एडीएसएलमध्ये तारेवरून डेटा पाठवायच्या दोन पद्धतींचं, कॅप विरुद्ध डीएमटी, हे भांडण नेमकं काय होतं?

मोडेमवेडा: स्पीड बघ ना, आयएसडीएनचे दोन चॅनेल जोडले तरी १२८ केबीपीएस, आणि बऱ्याच ठिकाणी डायल करून जोडायचं म्हणजे मिनिटावर बिल. एडीएसएल आवाजाच्या वरच्या फ्रिक्वेन्सीवर चालतं त्यामुळे फोनही चालू आणि नेटही कायम चालू, डाउनलोड ८ एमबीपीएसपर्यंत. लोकांना डाउनलोडच जास्त लागायचं, माझ्या मते खरं कारण हेच.

रेषा_के: कॅपचे मोडेम बाजारात आधीच होते. पण अमेरिकेत आन्सीने (तिथली स्टँडर्ड ठरवणारी संस्था) १९९३ मध्ये डीएमटी निवडलं, १९९९ च्या आयटीयू (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना) स्टँडर्डमध्येही तेच. डीएमटी फ्रिक्वेन्सीचे छोटे छोटे तुकडे करतं आणि जिथे गोंगाट जास्त तिथे कमी डेटा टाकतं, खराब तारेवर हे फार कामाचं. शिवाय एकच स्टँडर्ड झालं की वेगवेगळ्या कंपन्यांचे मोडेम एकमेकांशी जुळायला लागतात.

मोडेमवेडा: +१. व्हीडीएसएलला (एडीएसएलनंतरचा जास्त वेगवान प्रकार) मात्र अंतर नडतं, टेलिफोन एक्स्चेंजपासून लांब असाल तर फायदा जवळपास संपलाच, म्हणून मग फायबर रस्त्यावरच्या कॅबिनेटपर्यंत (फोनच्या तारा जोडायची पेटी) आणावी लागली.